नाताळच्या दात्याचा वेष

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानमालेंतील एक व्याख्यान)



या व्याख्यानमालेंत विषय निवडण्याची मोकळीक मला देण्यांत आली होती. परंतु ती फार दिवस टिकली नाहीं. तरुण मंडळाचे सभासद येऊन विचारूं लागले कीं, "फादर, यंदाच्या कार्यक्रमांत लाल अंगरख्याचा नाताळबाबा आणावा कीं आणूं नये?" हें आमच्या एका वयोवृद्ध गृहस्थांच्या कानीं गेलें, आणि त्यांनीं मला देवळाच्या पायरीवरच गांठलें. त्यांचें म्हणणें असें कीं, तें सोंग एका अमेरिकन पेयाच्या कंपनीनें आपला माल खपविण्यासाठीं काढलेलें असून त्याला देवळाच्या आवारांत पाऊल टाकूं देऊं नये. उलटपक्षीं धर्मशिक्षण देणाऱ्या एका बाईंनीं सांगितलें कीं, तो तर साक्षात् संत निकोलस, आणि त्याचा लाल रंग हा बिशपांच्या वस्त्रांचाच रंग होय. दोन्ही बाजू ठाम; दोन्ही बाजूंचा आधार ऐकीव. तेव्हां निवाडा करण्यापूर्वीं त्या वेषाची कुळकथा आपणांपुढें मांडावी असें मनांत आलें. माणसाप्रमाणें वस्त्रालाहि कुळ असतें, आणि त्यांत नाना गोत्रांचा संकर झालेला असतो.

मूळ पुरुषापासून आरंभ करूं. आशिया मायनरच्या लिशिया प्रांतांत मायरा नांवाचें नगर होतें. तें ठिकाण आज तुर्कस्थानांत असून त्याला देम्रे म्हणतात. चौथ्या शतकांत तेथें निकोलस नांवाचे बिशप होऊन गेले. त्यांच्याविषयीं समकालीन लेख जवळजवळ नाहींतच. जें चरित्र आपण ऐकतों तें कित्येक शतकांनंतर लिहिलें गेलें. परंतु त्यांतील एक कथा अशी आहे कीं, तिच्यावांचून पुढील सर्व प्रकार समजणार नाहीं.

एका गृहस्थाला तीन उपवर कन्या होत्या. पूर्वीं तो सधन होता. पुढें दैन्यावस्थेस पोंचला. हुंडा देण्यास कांहीं उरलें नाहीं म्हणून मुलींचीं लग्नें होईनात, आणि अखेर त्यांना पापाच्या बाजारांत बसविण्याचा विचार त्या अभागी बापाच्या मनांत येऊं लागला. (हुंड्याचा हा जाच लिशियांतच राहिला असें समजून येथें कोणी सुस्कारा सोडूं नये.) शेजारी राहणाऱ्या तरुण निकोलसना ही वार्ता कळली. रात्रीं सर्वत्र सामसूम झाल्यावर त्यांनीं सोन्याची थैली खिडकींतून आंत टाकली आणि ते निघून गेले. थोरलीचें लग्न झालें. कांहीं दिवसांनीं दुसरी थैली आली; मधलीचें लग्न झालें. तिसऱ्या वेळीं मात्र बाप जागत बसला होता. थैली पडल्याचा आवाज होतांच तो बाहेर धांवला, दात्याला त्यानें गांठलें आणि त्याचे पाय धरले. तेव्हां निकोलसनीं त्याजकडून काय घेतलें असेल? वचन घेतलें; कीं मी जिवंत आहें तोंवर ही गोष्ट कोणास कळूं द्यावयाची नाहीं.

या प्रसंगीं निकोलस हे बिशप झालेले नव्हते, हें ध्यानांत धरा. त्यांच्या मस्तकीं मुकुट नव्हता, हातीं दंड नव्हता. अंगावर कोणतें वस्त्र होतें हें कथा सांगत नाहीं, कारण दाता दिसूं नये हेंच त्या कथेचें मर्म आहे. काळोख हाच त्यांचा वेष. आपल्या भाषेंत याला गुप्तदान असा सुंदर शब्द आहे, आणि उजव्या हाताचें दान डाव्या हाताला कळूं नये ही आपल्या प्रभूची शिकवण आपण दर वर्षीं राखेच्या बुधवारीं शुभवर्तमानांत ऐकतों. आतां पुढील सोळाशें वर्षांची कथा ही, या न दिसणाऱ्या दात्याच्या अंगावर लोकांनीं काय काय चढविलें त्याची कथा आहे.

पूर्वेकडील ख्रिस्तसभेनें पवित्र चित्रांत त्यांना बिशप म्हणून रंगविलें. पण तेथें ते बहुधा बोडक्या मस्तकानें उभे असतात. उंच कपाळ, आंखूड पांढरी दाढी, खांद्यावरून क्रूसाच्या चिन्हांचा रुंद पट्टा, हातांत शुभवर्तमानाचा ग्रंथ. आपले बिशप दृढीकरणासाठीं येतात तेव्हां त्यांच्या मस्तकीं जो उंच, दुटोंकी मुकुट आपण पाहतों, ज्याला मायटर म्हणतात, तो पाश्चात्य ख्रिस्तसभेंत सुमारें अकराव्या शतकापासून प्रचारांत आला; चौथ्या शतकांतील निकोलसनीं तो पाहिलेलाहि नसणार. १०८७ सालीं बारी नगराच्या खलाशांनीं त्यांचे अवशेष मायराहून इटलींत नेले, आणि तेथून पश्चिमेंत त्यांची भक्ति वणव्यासारखी पसरली. पाश्चात्य चित्रकारांनीं मग त्यांना आपल्या काळच्या बिशपांचा थाट दिला: मुकुट, मेंढपाळाची वांकडी काठी, अंगठी, हातमोजे, भरजरी प्रावरण. ओळख पटावी म्हणून हातांत किंवा पायांशीं सोन्याचे तीन गोळे ठेवले. ते तीन गोळे म्हणजे त्या तीन थैल्या. खिडकींतून अंधारांत टाकलेलें सोनें असें उजेडांत येऊन दात्याच्या हातीं परत आलें.

लाल रंगाविषयीं धर्मशिक्षिका बाईंची मला क्षमा मागितली पाहिजे. उपासनेच्या नियमांत लाल हा रक्तसाक्ष्यांचा, प्रेषितांचा व पवित्र आत्म्याचा रंग आहे. निकोलस रक्तसाक्षी म्हणून पूजिले जात नाहींत. म्हणून ६ डिसेंबर रोजीं त्यांच्या स्मरणाची मिस्सा आम्हीं धर्मगुरू पांढऱ्या वस्त्रांत अर्पण करतों. चित्रांत ते कधीं लाल, कधीं हिरव्या, कधीं सोनेरी प्रावरणांत दिसतात. चित्रकाराच्या हाताशीं जो रंग खुलला तो त्यानें लावला. नेदरलंडमधील लोकांचा संत निकोलस, ज्याला ते सिंटरक्लास म्हणतात, तो मात्र पांढऱ्या झग्यावर लाल प्रावरण आणि क्रूसाचा लाल मुकुट घालून येतो, हें खरें आहे. (१९६९ सालीं ख्रिस्तसभेनें या संताला यादींतून काढून टाकलें अशी जी वदंता ऐकूं येते, तिच्यांत तथ्य नाहीं. त्यांचा स्मरणदिन त्या वर्षीं ऐच्छिक झाला, एवढेंच.)

सोळाव्या शतकांत युरोपांत धर्मभेद झाला आणि या वेषावर पहिला मोठा घाव पडला. संतांची भक्ति नको, म्हणून संताच्या हातून येणारा खाऊहि नको. जर्मनीच्या प्रॉटेस्टंट प्रदेशांत देणगी ६ डिसेंबरवरून नाताळावर नेण्यांत आली आणि दाता म्हणून बाळ ख्रिस्ताची योजना झाली. त्या बाळ ख्रिस्ताचें सोंग पांढरा झगा व सोनेरी मुकुट घातलेली एखादी मुलगी घेऊं लागली. न्युरेंबर्गच्या नाताळबाजारांत ती आजहि दिसते. काळाची थट्टा पाहा: हा प्रॉटेस्टंटांचा दाता आज बव्हेरिया व ऑस्ट्रिया या कॅथलिक मुलखांत सुखानें नांदत आहे, आणि उत्तरेकडील प्रॉटेस्टंट प्रदेशांत नाताळचा म्हातारा आला आहे. नेदरलंडमध्यें सतराव्या शतकांतील नगराधिकाऱ्यांनीं संत निकोलसच्या सणाच्या बाजारावर व खाऊच्या बाहुल्यांवर बंदी घालून पाहिली. पण हुकूम बाजारावर चालला, चुलीपाशीं चालला नाहीं. ५ डिसेंबरच्या रात्रीं मुलें आपला जोडा शेगडीशेजारीं ठेवीत राहिलीं, आणि त्यांत संताच्या घोड्यासाठीं गाजर किंवा मूठभर गवत घालीत राहिलीं.

मग तो केसाळ, लोंकरी पोशाख आला कोठून? तो संताचा नव्हे, संताच्या सोबत्यांचा. आल्प्स पर्वताच्या खोऱ्यांत संताबरोबर क्रांपुस हिंडतो. त्याला शिंगें, अंगभर केस, हातीं सांखळी व फोक. जर्मनीच्या अन्य भागांत रुप्रेख्त नांवाचा गडी पोतें घेऊन येतो. ऱ्हाईनकांठच्या पॅलाटिनेट प्रांतांत या दोघांची जणूं एकच व्यक्ति झाली: कातडें पांघरलेला, काजळी फांसलेला, धमकावणारा आणि खाऊहि टाकणारा पेल्झनिकेल. या नांवाचा अर्थच मुळीं 'केसाळ कातड्याचा निकोलस' असा आहे. हिंवाळ्याच्या दीर्घ रात्रीं पशूचें कातडें पांघरून दारोदार फिरण्याची चाल युरोपच्या खेड्यांत सर्वत्र होती. कांहीं पंडित हें मूळ थेट वोडन नामक प्राचीन दैवतापर्यंत नेऊन भिडवितात, घोड्याला घोडा आणि दाढीला दाढी जुळवून. मला तो पुरावा पुरेसा वाटत नाहीं. दाढी म्हाताऱ्यांना येतेच.

सोबत्यांविषयीं एक दुःखाची गोष्ट टाळून पुढें जाणें बरें नव्हे. १८५० सालीं ॲम्स्टरडॅमच्या यान शेंकमान नांवाच्या शाळामास्तरानें मुलांसाठीं एक सचित्र पुस्तक काढलें. संताचें आगबोटीनें स्पेनहून येणें त्यानेंच रूढ केलें, आणि संताच्या मागें एक काळा नोकर उभा केला. पुढें हा नोकर राजवाड्यांतील हुजऱ्याच्या रंगीत कपड्यांत दिसूं लागला, आणि गोरे लोक तोंडाला काळा रंग फांसून त्याचें सोंग घेऊं लागले. तें पुस्तक निघालें तेव्हां डच लोकांच्या सुरिनाम वसाहतींत गुलामगिरी चालूं होती. ती १८६३ सालीं रद्द झाली. अलीकडच्या वर्षांत कृष्णवर्णीय नागरिकांनीं या सोंगाविरुद्ध निषेध केला, वाद विकोपास गेला, आणि आतां पुष्कळ नगरांत काळ्या रंगाऐवजीं धुराड्यांतील काजळीचे दोन-चार ओरखडे तोंडावर ओढतात. पुष्कळांना हा बदल रुचला नाहीं. मला तो न्याय्य वाटतो. ज्या संतानें दुसऱ्याच्या मुलींना विक्रीपासून वांचविलें, त्याच्या मागें गुलाम चालविणें हें त्याच्या चरित्रावर ओढलेलें काळें होतें.

इंग्लंडची शाखा अगदींच निराळी. तेथील 'फादर ख्रिसमस' हा संत नव्हे आणि पूर्वीं दाताहि नव्हता; तो खाण्यापिण्याच्या आनंदाचा मूर्तिमंत पुतळा. १६१६ सालीं बेन जॉन्सननें त्याला रंगभूमीवर आणलें. १६४७ सालीं पार्लमेंटनें नाताळावरच बंदी घातली तेव्हां सणाची बाजू मांडणाऱ्या लेखकांनीं त्याला घराबाहेर हांकललेल्या म्हाताऱ्याचें रूप दिलें. १८४३ सालच्या डिकन्सच्या प्रसिद्ध नाताळकथेंत जॉन लीच या चित्रकारानें काढलेलें 'वर्तमान नाताळ' पाहा: पांढऱ्या लोंकरी काठाचा पायघोळ अंगरखा, डोक्यावर हॉलीच्या पानांची माळ. तो अंगरखा हिरवा आहे.

हे सर्व ओघ अमेरिकेंत, न्यूयॉर्क नगरीं, एकत्र आले. १८१० सालीं तेथील इतिहास मंडळानें संत निकोलसचा दिन साजरा केला तेव्हां छापून वांटलेल्या चित्रांत ते अजून बिशपच होते. १८२३ च्या डिसेंबरांत ट्रॉय गांवच्या वृत्तपत्रांत संत निकोलसच्या भेटीची एक निनांवी कविता आली, आणि चित्र पालटलें. त्या कवितेंत नांव संताचें, पण अंगावर डोक्यापासून पायापर्यंत केसाळ कातडें, त्यावर धुराड्याची राख. मुकुट नाहीं, क्रूस नाहीं, दंड नाहीं, आणि रंगाचा उल्लेखहि नाहीं. म्हणजे सोबत्याचा वेष धन्याला चढला. ही कविता क्लेमंट मूर यांची मानतात. कांहीं अभ्यासक तें कर्तृत्व दुसऱ्याला देतात. मूर यांचे वडील न्यूयॉर्कचे एपिस्कोपल पंथाचे बिशप होते. रचना मूर यांचीच असेल तर बिशपाच्या वस्त्रांतून निकोलसना बाहेर काढलें तें एका बिशपाच्या मुलानें.

तरी त्या वामनमूर्तीला आजचा देह मिळालेला नव्हता. तो दिला थॉमस नास्ट या व्यंगचित्रकारानें. याचा जन्म १८४० सालीं लांडाउ येथें, म्हणजे त्याच पेल्झनिकेलच्या पॅलाटिनेट प्रांतांत. बालपणींच तो न्यूयॉर्कला आला. 'हार्पर्स वीकली' या साप्ताहिकाच्या जानेवारी १८६३ च्या अंकांत त्यानें सांताक्लॉजला यादवी युद्धांतील उत्तरेच्या सैन्याच्या छावणींत बसविलें, आणि अंगावर चक्क राष्ट्रध्वजाचे तारे व पट्टे घातले. पुढें वर्षानुवर्षें तो त्याला काढीत राहिला; पोट सुटलें, दाढी वाढली, कातड्याला रुंद पट्टा व बक्कल आलें, आणि रंगीत छपाई आली तेव्हां लाल रंगहि आला. १८८१ सालचें त्याचें चित्र आजच्या नाताळबाबाचा सख्खा भाऊ शोभेल.

या नास्टचेंच आणखी एक चित्र आहे, तें कॅथलिकांनीं विसरूं नये. ३० सप्टेंबर १८७१ च्या अंकांत, शाळांच्या सरकारी अनुदानाचा वाद पेटला असतां, त्यानें 'अमेरिकेची गंगा नदी' या नांवाचें चित्र छापलें. नदींतून मगरी सरपटत कांठावर येत आहेत आणि कांठावर भेदरलेलीं मुलें उभीं आहेत. नीट पाहिलें म्हणजे कळतें कीं त्या मगरी नव्हेत. ते ओणवे झालेले बिशप आहेत, आणि त्यांचे दुटोंकी मुकुट हेच मगरींचे उघडे जबडे. आपल्या गंगेला त्यांत विनाकारण गोंवलें तें निराळेंच. त्याच लेखणीनें मुलांना गोंजारणारा दाता काढला आणि मुलांना गिळणारे बिशपहि काढले. निकोलस स्वतः बिशप होते याची आठवण त्याला झाली असेल काय? मी रागानें बोलत नाहीं. त्या काळीं तेथील आपल्या आयरिश बांधवांना काय सोसावें लागलें, तें या एका चित्रांत दिसतें. मुकुट नास्टनें उतरविला असेंहि मी म्हणणार नाहीं, तो १८२३ सालींच उतरला होता. पण त्याच्या हातून तो पुन्हां चढणें शक्य नव्हतें.

आतां आमच्या वयोवृद्ध गृहस्थांच्या पेयाकडे येतों. कोका-कोला कंपनीसाठीं हॅडन सुंडब्लॉम या चित्रकारानें पहिला सांताक्लॉज काढला १९३१ सालीं, आणि १९६४ पर्यंत तो काढीत राहिला. त्या चित्रांनीं लाल वेष जगभर पक्का केला, हें निर्विवाद. परंतु त्यापूर्वीं तीस वर्षें अमेरिकन मासिकांच्या मुखपृष्ठांवर तो लाल पोशाखांत झळकत होता, आणि व्हाइट रॉक नांवाची दुसरी एक पेयाची कंपनी १९१५ सालींच त्याला आपल्या जाहिरातींत घेऊन बसली होती. म्हणून कंपनीनें वेष काढला हें खरें नव्हे. बाजारानें तो उचलला हें खरें.

मग या वेषाला जाळावें काय? हा प्रश्न काल्पनिक नाहीं. २३ डिसेंबर १९५१ रोजीं फ्रान्समधील दिजों नगरांत कॅथीड्रलसमोर नाताळबाबाची प्रतिमा आधीं टांगण्यांत आली आणि मग शेंकडों मुलांच्या देखत जाळण्यांत आली. धर्मगुरूंची त्याला संमति होती. नाताळ ख्रिस्ताचा आहे, या परक्याचा नव्हे, असा त्यांचा आवेश. त्या नगराचे महापौर कॅनन किर हे स्वतः धर्मगुरू. त्यांनीं कोणाचीच बाजू घेतली नाहीं. दुसऱ्याच संध्याकाळीं नगरभवनाच्या छपरावर नाताळबाबा दिव्यांच्या झोतांत पुन्हां उभा राहिला. क्लोद लेव्ही-स्ट्रॉस या मानववंशशास्त्रज्ञानें यावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. आपल्या मुंबईकडे व गोव्यांत ३१ डिसेंबरच्या रात्रीं जुन्या वर्षाचा म्हातारा जाळतात. त्यांत गंमत असते, द्वेष नसतो. दिजोंच्या त्या मुलांनीं पाहिलें तें निराळें होतें. त्या धर्मबंधूंची तळमळ मला समजते. पण ज्याच्या हातून खाऊ मिळतो तो देवळासमोर जळतांना पाहून लहान मूल नाताळाविषयीं काय शिकलें असेल, हें मला कोणीतरी सांगावें.

खुद्द संताच्या गांवची हकीकत याहून बोलकी आहे. २००० सालीं देम्रे येथें रशियानें भेट दिलेला संत निकोलसचा कांशाचा पुतळा चौकांत उभा करण्यांत आला. २००५ सालीं तो काढून त्या जागीं प्लॅस्टिकचा, लाल कपड्यांतला सांताक्लॉज बसविला गेला, कां तर प्रवाशांना तो ओळखूं येतो म्हणून. रशियन लोकांनीं निषेध केला. संताच्या पुतळ्याला प्राचीन देवळाजवळ जागा मिळाली. ज्या नगराचे ते बिशप होते, त्या नगराच्या चौकांतहि त्यांचा वेष त्यांना राखतां आला नाहीं.

तेव्हां तरुण मंडळाला माझें उत्तर असें. लाल अंगरखा आणावयास माझी हरकत नाहीं. तो पाखंडी नव्हे आणि पवित्रहि नव्हे. तो शेतकऱ्यांच्या सोंगाचा, चित्रकारांच्या हौसेचा व दुकानदारांच्या नफ्याचा मिळून शिवलेला कपडा आहे. त्यानें सभागृहांत यावें, वेदीपाशीं नव्हे. आणि श्रीमंताच्या व गरिबाच्या मुलाला अगदीं सारखा खाऊ द्यावा. धर्मशिक्षणाच्या मुलांपैकीं एकानें ६ डिसेंबरला मुकुट व दंड घेऊन खऱ्या निकोलसचें सोंग घ्यावें, आणि तिघींची गोष्ट सांगावी.

परंतु कार्यक्रमपत्रिकेंत एक कलम असें आहे कीं, गरजू कुटुंबांच्या मुलांना नांवें पुकारून व्यासपीठावर बोलवावें, नाताळबाबाच्या हस्तें कपड्यांचे गठ्ठे द्यावे, आणि त्याचें छायाचित्र स्मरणिकेंत छापावें. तें कलम मीं काढून टाकलें आहे. देणगीदारांपैकीं कांहींजण यामुळें नाराज आहेत हें मला ठाऊक आहे. आपला पैसा कोठें गेला हें दिसावें अशी त्यांची इच्छा आहे, आणि हिशेबापुरती ती रास्तहि आहे. हिशेबाची वही माझ्याजवळ आहे. ज्यांना पाहावयाची त्यांनीं रविवारच्या मिस्सेनंतर यावें. तींत रकमा आहेत, घरांचीं नांवें नाहींत. त्या मुलांच्या आयांनीं मला येऊन कांहीं म्हटलेलें नाहीं, आणि त्यांनीं म्हणण्याची वाट आपण पाहूं नये.

गठ्ठे ५ डिसेंबरच्या रात्रीं, दहा वाजल्यानंतर, त्या त्या घराच्या ओट्यावर ठेवले जातील. हें काम चौघांनीं पत्करलें आहे. ते कोण, हें विचारूं नये. गठ्ठ्यांत अजून भर हवी आहे, विशेषतः मोठ्या मुलींच्या कपड्यांची. त्यासाठीं एक पेटी देवळाच्या मागच्या दाराशीं ठेवली आहे. त्या बाजूचा दिवा तोंवर लावूं नये असें मीं सांगून ठेवलें आहे.